दुष्काळी मदतीची शंभर वर्षे : १८७७ ते १९७७

संकटात सापडलेल्या लोकांना सरकारने मदत करावी, याविषयी आज कोणी वाद घालीत नाही. वाद सुरू होतो तो मदत कोणाला, किती आणि कोणत्या अटीवर हे ठरवताना. मदत वाटणाऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. ज्याला गरज नाही त्याच्या पदरात काही पडणे ही एक, आणि ज्याला गरज आहे तो रिकाम्या हाताने परत जाणे ही दुसरी. या दोन्ही चुका पूर्णपणे टाळणारी व्यवस्था अजून कोणत्याही राज्यकर्त्याला साधलेली नाही. अटी कडक कराव्यात तर दुसरी चूक वाढते, सैल कराव्यात तर पहिली. म्हणून एखाद्या मदत-योजनेची नैतिक पारख करायची असेल, तर तिच्या प्रस्तावनेतील दयाबुद्धीचे शब्द बाजूला ठेवावेत आणि एवढेच विचारावे, की या योजनेने यांपैकी कोणती चूक सह्य मानली आहे?

हा प्रश्न हाती घेऊन आम्ही महाराष्ट्रातील दुष्काळांच्या इतिहासाकडे पाहू इच्छितो. त्यासाठी १८७७ आणि १९७७ ही दोन साले सोयीची आहेत. पहिल्या साली दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी सरकारने विचारपूर्वक कमी केली. दुसऱ्या साली, बरोबर शंभर वर्षांनी, मजुराला काम मागण्याचा अधिकार देणारा कायदा याच भूमीतील विधिमंडळाने संमत केला. मधल्या काळात जे घडले ते केवळ दयाळूपणा वाढत गेल्याची कथा नाही.

बिहारचा खर्च आणि दख्खनची काटकसर

कथेची सुरुवात महाराष्ट्रात नव्हे, बिहारमध्ये होते. १८७३-७४ साली तेथे दुष्काळ पडला, तेव्हा मदतकार्याची सूत्रे सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे होती. त्यांनी ब्रह्मदेशातून मोठ्या प्रमाणावर तांदूळ आणवला, सढळ हाताने कामे काढली आणि मदत वाटली. परिणाम असा झाला की, भूकबळी जवळजवळ पडलेच नाहीत. वसाहतीच्या काळातील दुष्काळांत असे यश विरळाच. पण कौतुकाऐवजी टेंपल यांच्या वाट्याला टीका आली. इतका खर्च कशासाठी? माणसे मेली नाहीत, त्या अर्थी संकट तेवढे मोठे नसावे आणि पैसा वाया गेला असावा, असा निष्कर्ष इंग्लंडात आणि हिंदुस्थानात अनेकांनी काढला. यशस्वी मदतकार्याच्या नशिबी ही विचित्र आपत्ती नेहमीच असते. जे मरण टळले ते हिशेबाच्या वहीत दिसत नाही, खर्च मात्र दिसतो.

१८७६ च्या पावसाने दख्खनला दगा दिला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा, कलादगी हे जिल्हे होरपळले आणि मद्रास इलाखा व म्हैसूर संस्थानात तर त्याहून भयंकर स्थिती झाली. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी केली. त्याच महिन्यात त्यांनी टेंपल यांना दुष्काळी मुलखाच्या पाहणीसाठी पाठवले. या वेळची आज्ञा काटकसरीची होती. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालायचा नव्हता आणि खर्चाला आवर घालायचा होता. बिहारमधील उधळपट्टीचा ठपका धुऊन काढण्याची ही संधी टेंपल यांनी साधली.

पूर्ण वाढ झालेल्या पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा, हे त्यांनी सुचवलेले प्रमाण. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. इतक्या धान्यावर दिवसभर खडी फोडून आणि माती वाहून माणूस जगू शकतो का, हा प्रश्न उघडच होता. मद्रासचे आरोग्य-आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी तो जाहीरपणे विचारला. डाळ, भाजी, तेल काहीही न मिळणाऱ्या श्रमिकाला एवढे धान्य पुरत नाही, आणि तुरुंगातील कैद्यालाही सरकार याहून बरे खाऊ घालते, असे त्यांचे म्हणणे होते. मद्रास इलाख्यात पुढे काही महिन्यांनी हे प्रमाण वाढवावे लागले. दरम्यान टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले होते.

तीन कसोट्या

मजुरी कमी करण्यामागे केवळ कृपणपणा नव्हता, त्यामागे एक सिद्धान्त होता, हे लक्षात घेतले पाहिजे. खरा गरजू कोण हे सरकारी अधिकाऱ्याने घरोघर जाऊन ठरवणे अशक्य. म्हणून मदतच अशी करावी की, ज्याला दुसरा कोणताही मार्ग उरलेला नाही तोच ती घेईल. त्यासाठी तीन कसोट्या लावण्यात आल्या. पहिली श्रमाची : मदत हवी तर काम करावे लागेल. दुसरी मजुरीची : ती जगण्यापुरतीच असेल. तिसरी अंतराची : काम गावाजवळ नसेल, दहा-दहा मैलांवर जाऊन छावणीत राहावे लागेल.

कागदावर ही रचना तर्कशुद्ध दिसते. पण गावातला माणूस छावणीत का जाऊ इच्छीत नाही, याची कारणे तिच्यात कोठेच नव्हती. उरलेसुरले जनावर कोणाच्या हवाली करायचे, म्हाताऱ्या आईबापांना आणि तान्ह्या मुलांना कोठे ठेवायचे, परक्या मुलखात बायाबापड्यांनी उघड्यावर कसे राहायचे, छावणीत पटकी पसरली तर काय करायचे, हे प्रश्न ज्याच्यासमोर होते तो अखेरच्या क्षणापर्यंत घर सोडीत नसे. आणि अखेरच्या क्षणी घर सोडणाऱ्याच्या अंगात माती वाहण्याचे बळ उरलेले नसे. कसोटीवर उतरेपर्यंत माणूस मदतीच्या पलीकडे गेलेला असे. कडक अटींचा हा परिणाम अपवादात्मक नव्हता. तो त्या रचनेतच होता.

नवी मजुरी आणि दूरच्या कामांचे हुकूम येताच मुंबई इलाख्यात एक अपूर्व गोष्ट घडली. हजारो मजुरांनी दुष्काळी कामे सोडली. उपाशी माणसांनी संप करावा, ही कल्पनाच अधिकाऱ्यांना पटेना. कोणी तरी त्यांना फितवले असले पाहिजे, असा संशय पुण्याच्या सार्वजनिक सभेवर घेतला गेला. १८७० साली स्थापन झालेल्या आणि गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने चाललेल्या या सभेने दुष्काळी जिल्ह्यांतून आपल्या माणसांकरवी माहिती गोळा केली होती : पाऊस किती, भाव काय, कामे कोठे, मजुरी किती, गाव सोडून गेलेली कुटुंबे किती. ही माहिती सभा अर्जांद्वारे सरकारपुढे मांडीत राहिली. आमच्या मते दुष्काळाच्या राजकारणातील हा महत्त्वाचा टप्पा आहे. संकट किती मोठे आहे हे सांगण्याची मक्तेदारी तोपर्यंत कलेक्टरच्या अहवालाकडे होती. तिला येथे प्रथमच आव्हान मिळाले.

अर्थात सभेची दृष्टी सर्वांगीण होती असे म्हणता येणार नाही. सारातहकुबी आणि सारामाफी हे तिचे आग्रहाचे विषय जमीन असणाऱ्यांचे होते. ज्यांना जमीनच नव्हती, त्यांच्या पोराबाळांचे काय? या बाजूला सत्यशोधक समाजाचे काम दिसते. जोतीराव फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये पुण्याजवळ धनकवडी येथे ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ काढून दुष्काळी मुलांच्या जेवणाची सोय केली. ओतूरहून २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेले पत्र जुन्नर भागातील दुष्काळाचे वर्तमान सांगणारे आहे. या आश्रमात मुलाला जेवण्यासाठी कोणतीही कसोटी द्यावी लागत नव्हती. भूक हाच पुरावा होता. खासगी दानधर्माला हे शक्य असते आणि सरकारला नसते, असे यावर कोणी म्हणेल. पण लहान मुलाच्या बाबतीत तरी ‘पात्रता’ तपासण्यात काय साधते, हा प्रश्न सरकारलाही चुकवता येऊ नये.

ब्रिटिश मुलखात या दुष्काळाने ५० लाखांहून अधिक माणसे मेली, असा अंदाज पुढे नेमलेल्या आयोगानेच दिला. मद्रासच्या मानाने मुंबई इलाख्यातील हानी कमी होती. त्याचे श्रेय आगगाडीने आलेल्या धान्याला आणि सरकारी कामांनाही द्यावे लागेल. नीरा डाव्या कालव्याची सुरुवात आणि धोंड-मनमाड लोहमार्गावरील मातीकाम या दुष्काळी मजुरांच्या हातून झाले. बारामतीच्या उसाकडे पाहताना कालव्याचा हा जन्म सहसा कोणाला आठवत नाही.

कर्तव्य मान्य, हक्क अमान्य

१८७८ मध्ये सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला आणि १८८० मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातील एक निरीक्षण आजही विचारात घेण्याजोगे आहे. दुष्काळात धान्य मुळीच नसते असे नाही. रोजगार बुडाल्यामुळे ते विकत घेण्याची ऐपत उरत नाही. म्हणून लोकांना काम देणे हाच मुख्य उपाय होय. १८८३ मध्ये याच आधारावर दुष्काळ-संहितेचा मसुदा तयार झाला आणि प्रांतोप्रांतींच्या संहिता त्यावरून बेतल्या गेल्या. टंचाईची लक्षणे कोणती, कामे कधी काढावीत, अपंगांना फुकट मदत केव्हा द्यावी, हे सर्व लेखी झाले.

मात्र एक पाऊल टाकण्याचे आयोगाने कटाक्षाने टाळले. मदत देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, पण मदत मिळणे हा प्रजेचा हक्क आहे असे म्हणायला आयोग तयार नव्हता. दुष्काळात गरिबाचा हक्क मान्य केला तर सुकाळातही तो तेच मागेल आणि मग इंग्लंडसारखी दरिद्री-साहाय्याची कायमची जबाबदारी अंगावर पडेल, ही भीती त्यामागे होती. वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. पण कर्तव्य पार पाडले की नाही, हे ठरवणारा तोच, ज्याचे ते कर्तव्य आहे. हक्क नाकारला गेला तर दाद मागणारा मात्र दुसरा असतो.

पैशाचेही तसेच झाले. दुष्काळाचा ‘विमा’ म्हणून दरवर्षी दीड कोटी रुपये बाजूला काढण्याचे लिटन यांच्या सरकारने १८७८ मध्ये जाहीर केले आणि त्यासाठी नवे कर बसवले. लवकरच अफगाण युद्धाचा खर्च पुढे आला आणि तो पैसा कबूल केलेल्या कामासाठी राहिला नाही. दुष्काळग्रस्ताच्या नावावर कर गोळा करता येतो. त्या निधीवर दुष्काळग्रस्ताला बोट ठेवता येत नाही, असा याचा अर्थ.

हक्क आणि कर्तव्य यांतील हे अंतर किती नाजूक होते, ते १८९६-९७ च्या दुष्काळात दिसले. तोवर सार्वजनिक सभा लोकमान्य टिळकांच्या हाती आली होती. सभेने आणि ‘केसरी’ने नवे काही मागितले नाही, सरकारच्याच संहितेत काय लिहिले आहे ते मराठीत लोकांपर्यंत पोहोचवले. पीक बुडाले असेल तर साऱ्याची तहकुबी वा सूट मिळू शकते, गरजूंना काम मिळाले पाहिजे, हे तुमच्यासाठी लिहिलेले नियम आहेत, ते मागा, असा त्यांचा सांगावा होता. सभेचे कार्यकर्ते गावोगाव सभा घेऊ लागले. सरकारच्या दृष्टीने ही चिथावणी ठरली आणि १८९७ मध्ये सार्वजनिक धोरणाविषयी सरकारशी पत्रव्यवहार करणारी संस्था ही सभेची मान्यता काढून घेण्यात आली. सरकारने छापलेला नियम ज्याच्यासाठी आहे त्याला त्याच्या भाषेत कळवणे हा अपराध ठरावा, यातच त्या मदतीचे स्वरूप स्पष्ट होते. ती कलेक्टरने द्यावयाची होती, शेतकऱ्याने मागावयाची नव्हती.

शब्द वगळला, संकट आले

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. निवडून आलेल्या सरकारला भूकबळी परवडत नाहीत, आणि वृत्तपत्रे व विरोधी पक्ष ती बातमी दडू देत नाहीत. पण निवडून आलेल्या सरकारची एक नवी अडचण असते : आपल्या राज्यात दुष्काळ आहे, हे त्याला कबूल करवत नाही. १९६३ साली महाराष्ट्राने एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला आणि त्या जागी ‘स्केअर्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द घातला. शेतीच्या स्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते, त्यामुळे तशी वेळ येण्यास आता वाव नाही, असे त्याचे समर्थन होते. इंग्रजीत अवर्षणाला एक शब्द आणि भूकबळींच्या संकटाला दुसरा. आपल्या भाषेत मात्र दोहोंसाठी ‘दुष्काळ’च. त्यामुळे सरकारी कागदावर टंचाई आणि गावच्या पारावर दुष्काळ, असा दुहेरी व्यवहार तेव्हापासून चालत आला आहे.

शब्द वगळल्यानंतर दहा वर्षे उलटण्यापूर्वीच १९७२ चा दुष्काळ आला. लागोपाठच्या अपुऱ्या पावसाने राज्यातील धान्योत्पादन कोसळले. वसंतराव नाईक यांच्या सरकारने सर्वत्र कामे काढली : खडी फोडणे, रस्ते, नाला-बांध, पाझर तलाव. मे १९७३ च्या सुमारास या कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी होती. म्हणजे दर दहा माणसांमागे एक माणूस सरकारी कामावर, आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने. त्या पिढीच्या आठवणीत लाल मिलो आणि सुकडी यांची चव अजून आहे. हाल झाले, जनावरे गेली, मजुरी थकली, पण १८७७ सारखे मृत्युसत्र झाले नाही. ज्याँ ड्रेझ यांनी या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवले आहे की, आफ्रिकेतील साहेल प्रदेशाच्या तुलनेत दरडोई धान्य कमी असूनही महाराष्ट्रात दुष्काळाने संहार केला नाही, आणि त्याचे मोठे कारण ही कामे होती.

आता एक विचित्र साम्य पाहावे. १८७७ च्या मजुराच्या हातात जो हातोडा होता तोच १९७३ च्या मजुराच्या हातात होता. तीच खडी, तीच पाटी, तीच मजुरीची मोजणी. श्रमाची कसोटी सुटली नव्हती. बदलले होते ते मजुराचे सरकारशी असलेले नाते. काम मिळाले नाही, मजुरी थकली की तो तहसील कचेरीवर मोर्चा नेत होता, आमदाराला अडवीत होता, आणि तो फितवला गेला आहे असे म्हणून त्याची बोळवण करणे आता सोपे राहिले नव्हते.

हमी

या अनुभवाला कायद्याचे रूप मिळाले ते विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या चिकाटीमुळे. ग्रामीण भागात अंगमेहनत करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला काम देण्याची कल्पना त्यांनी १९६५ मध्येच आपल्या तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात करून पाहिली होती. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना सुरू झाली, १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसायकर बसवण्यात आला आणि १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने कायदा संमत केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. हा भत्ता दिवसाला एक रुपया इतका क्षुल्लक होता. तरीही स्ट्रॅची आयोगाने ज्या शब्दाची धास्ती घेतली होती तो शब्द आता कायद्यात आला होता.

या कायद्याचे गुणगान करताना भाबडे होण्याचे कारण नाही. गावातले लोंढे मुंबईवर येऊ नयेत म्हणून शहराने कर सोसला आणि बांध-विहिरींचा लाभ जमीनवाल्यांना झाला, ही टीका बिनबुडाची नाही. काम जिल्ह्यात कोठेही देण्याची मुभा होती. म्हणजे अंतराच्या कसोटीची सावली उरलीच. मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीला यायला १९८८ साल उजाडले. हमीच्या नावाने जमलेला पैसा पुरता खर्च होत नाही, ही तक्रारही वारंवार झाली. लिटन यांच्या विमा-निधीची आठवण व्हावी असेच हे होते. पण हेतू शुद्ध नसतानाही संस्था न्याय्य असू शकते. कोणाला मदत हवी हे ठरवण्याचा पहिला अधिकार या कायद्याने मागणाऱ्याला दिला. पात्रता सिद्ध करण्याचे ओझे त्याच्या खांद्यावरून उतरले आणि काम का दिले नाही याचा खुलासा करण्याचे ओझे सरकारच्या खांद्यावर गेले. केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हाच अनुभव त्यांच्यापुढे होता.

आजच्या कसोट्या

मग प्रश्न सुटला काय? ज्या संकटांत काम देणे हा उपाय नसतो, तेथे जुनी वृत्ती सहज डोके वर काढते. आणेवारीची पैसेवारी झाली, पण पन्नास पैशांच्या वरचे गाव आणि खालचे गाव यांच्यातला बांध तसाच राहिला. गारपिटीने पीक गेले तर ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झाल्याचा पंचनामा लागतो. ही मर्यादा २०१५ पर्यंत ५० टक्के होती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात बुडाले, तेव्हा मोफत धान्यासाठी क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असण्याची अट शासन-निर्णयात होती आणि तिच्यावर गदारोळ झाला. चूल एका रात्रीत विझते हे ती अट लिहिणाऱ्याला माहीत नसेल असे नाही. त्याला भीती पहिल्या चुकीची होती, दुसरीची नव्हती. दुष्काळ जाहीर करण्यात राज्ये चालढकल करतात, यावर सर्वोच्च न्यायालयानेही मे २०१६ मध्ये कठोर शब्दांत बोट ठेवले.

सरकारी पैसा जपून खर्च व्हावा, खोटे पंचनामे होऊ नयेत, हे आम्हांलाही मान्य आहे. ज्या खेड्यात पुढाऱ्याच्या वस्तीचे पंचनामे आधी होतात तेथे तपासणी नको असे म्हणणे म्हणजे बळकटालाच मोकळे रान देणे होय. आमचे म्हणणे इतकेच की, तपासणीचा जाच कोणी सोसायचा, हे ठरवताना भुकेल्याला शेवटचा क्रमांक मिळावा. आधी द्यावे, मग तपासावे. नियम त्याच्या भाषेत गावच्या चावडीवर लावावेत. आणि नाकारलेल्या माणसाला कोठे जायचे ते सांगावे. टेंपल यांच्या एक पौंडापासून पागे यांच्या पंधरा दिवसांपर्यंत येण्यास महाराष्ट्राला शंभर वर्षे लागली. येथवर आणणाऱ्यांत अर्ज लिहिणारे रानडे आहेत, संहितेचे मराठी करणारे कार्यकर्ते आहेत, आणि १८७७ च्या जानेवारीत पोटात अन्न नसताना कामावरून उठून गेलेले, इतिहासात ज्यांची नावे नाहीत असे मजूरही आहेत. पुढच्या आपत्तीत शासन-निर्णय निघेल, तेव्हा त्यातील रकमेचा आकडा वाचण्यापूर्वी त्याखालच्या अटी वाचाव्यात, अशी वाचकांना आमची विनंती आहे.